जास्त ॲव्हरेजच्या गाड्या आपल्यापर्यंत पोचायला इतका उशीर का? (बेळगाव–निपाणी–खानापूर भाग)

संकेश्वरकर
नमस्कार मंडळी. रोज संकेश्वर ते बेळगाव नोकरीला जातो, हायवेने. महिन्याला गाडी दोन हजार किलोमीटरच्या आसपास पळते. गाडी जुनी, पेट्रोलची, ॲव्हरेज १६. पेट्रोल १०३ रुपये धरलं तर वर्षाला दीड लाखाच्या वर जातात. हीच गाडी २६ देणारी असती तर वर्षाला साठ हजारांच्या जवळपास वाचले असते. पोरीच्या हॉस्टेलचा खर्च त्यात निघाला असता.

जपानमध्ये टोयोटाची प्रियस ही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी-मोटरची जोड असलेली गाडी, १९९७ साली आली. आपल्याकडे २०२२ मध्ये ग्रँड विटारा आणि हायरायडरची हायब्रिड आली, कागदावर लिटरला २७.९७. हायरायडर तर आपल्याच राज्यात, बिडदीला तयार होते. खरं किंमत विचारली की विषय तिथंच संपतो. माझं बजेट ऑन-रोड सहा लाख. ज्याचं पेट्रोल सगळ्यात जास्त जळतं त्याच्या दारात ही गाडी का येत नाही? माझ्या मते सगळं मूळ सरकारच्या करात आहे. तुमचं काय म्हणणं?

टिळकवाडी दुसरं गेट
आमच्या गेटवर रेल्वे जाईपर्यंत सगळ्यांनी इंजिन बंद केलं तरी गावाचं बरंच पेट्रोल वाचेल बघा :) बाकी वाचतोय, चांगला विषय.

आरटीओची कामं
कराचं बोललात म्हणून नेमकं सांगतो, कारण यात लोकांचा फार गोंधळ असतो.

कर्नाटकात नव्या गाडीचा लाइफटाइम टॅक्स पाच लाखांपर्यंत १३ टक्के, पाच ते दहा लाख १४, दहा ते वीस लाख १७ आणि वीस लाखांच्या वर १८ टक्के. त्यावर सेस वेगळा. तिकडे महाराष्ट्रात, कागलला, पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११, १२ आणि १३ टक्के. सीएनजीला महाराष्ट्रात पेट्रोलपेक्षाही कमी. आता गंमत बघा. हा कर गाडीच्या किमतीवर आहे, ती किती इंधन पिते यावर नाही. हायब्रिड महाग, म्हणून ती वरच्या टप्प्यात जाते, आणि कमी पेट्रोल जाळणारा माणूस जास्त कर भरतो. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये हायब्रिडचा रजिस्ट्रेशनचा कर माफ केला होता. आपल्याकडे सवलत मिळाली ती इलेक्ट्रिकला, त्यातही २०२४ पासून २५ लाखांच्या वरच्या गाडीला १० टक्के लागू झाले.

जीएसटीचंही तसंच. २०१७ मध्ये हायब्रिडवर सेस धरून ४३ टक्के लागले, इलेक्ट्रिकवर ऑगस्ट २०१९ पासून ५. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा छोट्या गाड्या १८ वर आल्या, इलेक्ट्रिक सोडून मोठ्या सगळ्या ४० वर. चार मीटरच्या वरची हायब्रिड आणि तेवढीच साधी पेट्रोल गाडी आज एकाच रांगेत आहेत. म्हणजे संकेश्वरकरांचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे.

उद्यमबाग वर्कशॉप
बऱ्यापैकी खरं, पूर्ण नाही. कर शून्य केला तरी हायब्रिड सहा लाखांत येणार नाही हो.

आमचं काम मशीनिंगचं. हायब्रिडमध्ये इंजिन जातंय का? नाही. इंजिन आहे तसंच राहतं, वर मोटर, जनरेटर, इन्व्हर्टर, बॅटरी आणि ते सगळं जुळवणारं ट्रान्समिशन येतं. दोन गाड्यांचं सामान एका बॉनेटखाली. सहा लाखांच्या गाडीत कंपनीला सुटणारे पैसे मोजकेच, त्यात हा खर्च बसत नाही. म्हणून नवं तंत्र आधी वीस लाखांच्या गाडीत येतं. तिथं दीड-दोन लाख वाढले तरी गिऱ्हाईक पळत नाही. सुटे भाग लाखांच्या संख्येनं बनायला लागले की मग दर खाली येतो, आणि ती संख्या गाठायला वर्षं जातात. स्विफ्टचंच बघा. जपानमधल्या नव्या स्विफ्टला माइल्ड हायब्रिड, म्हणजे फक्त इंजिनला हात देणारी छोटी मोटर आहे, आपल्याकडच्या २०२४ च्या स्विफ्टमध्ये तीन सिलिंडरचं नवं इंजिन तेच, पण हायब्रिड काढून टाकलेलं. कारण एकच, इथल्या किमतीत बसवायचं होतं.

माहेर निपाणी
उद्यमबाग दादा, मग मारुतीच्या २०१५ च्या हायब्रिड, सियाझ आणि एर्टिगा एसएचव्हीएस? त्या तर मध्यमवर्गाच्या आवाक्यात होत्या. माझ्या भावाकडे डिझेल एर्टिगा होती ती, खूप चांगली चालली.

उद्यमबाग वर्कशॉप
बरोबर आठवण केलीत ताई. ती पण माइल्ड हायब्रिडच. इलेक्ट्रिक-हायब्रिड गाड्यांसाठीच्या केंद्राच्या फेम योजनेत २०१५ ला तिला सवलत होती, एप्रिल २०१७ पासून माइल्ड हायब्रिड डिझेलची ती काढली. लगेच जुलैत जीएसटी आला. एप्रिल २०२० ला धुराचा बीएस-६ नियम आला तेव्हा मारुतीनं डिझेलच बंद केलं. दर दोन-तीन वर्षांनी नियमांची दिशा बदलली तर कंपनी कुठल्या तंत्रात पैसे घालणार? माझ्या मते कराच्या टक्क्यापेक्षा या धरसोडीनं जास्त नुकसान केलंय.

चिकोडी ऊसवाला
सगळे ॲव्हरेजवर बोलताय, खरं पंपावरच्या पेट्रोलबद्दल कोण बोलत नाही. आता वीस टक्के इथेनॉल आहे त्यात. आमच्या उसाचंच आहे ते. अथणी, चिकोडी, रायबाग, हुक्केरी, सगळीकडे कारखाने.

टिळकवाडी दुसरं गेट
आणि म्हणूनच माझी गाडी कमी ॲव्हरेज द्यायला लागली! एका टाकीत जाणवण्याइतका फरक आहे. गाडी २०१७ ची.

उद्यमबाग वर्कशॉप
जाणवणारच. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या पद्धतीच्या चारचाकीत ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, नव्या जुळवलेल्या गाडीत १ ते २. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी पाइप, सील वगैरे ई-२० साठी, म्हणजे या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी केलेले आहेत. जुन्या गाडीवाल्यांनी फ्युएल लाइन तपासून घ्या.

चिकोडी ऊसवाला
सहा टक्के तुमचे गेले हे मान्य, खरं शेतकऱ्याच्या बाजूनंही बघा. पूर्वी साखरेचा भाव पडला की कारखान्याकडे उसाचं बिल वर्ष-वर्ष अडकायचं. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून कारखान्याला लवकर येतात, आमचं बिल पण लवकर सुटतं. आणि पैसे आले की गाडी कोण घेतो? आम्हीच. आमच्या भागात गाड्यांची बुकिंगं उसाच्या बिलावर असतात, हे शोरूमवाल्यांना विचारा.

टिळकवाडी दुसरं गेट
चिकोडीकर, उसाला माझा विरोध नाही, दर मिळालाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, ॲव्हरेज घटतं तर त्या प्रमाणात लिटरचा भाव पण घटायला हवा होता. तो घटला नाही. उलट जून २०२४ मध्ये आपल्या राज्यानं पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के केला.

खानापूर रानवाट
चर्चा शहराकडची चाललीय. आमच्याकडे या जरा. खानापूरच्या पश्चिमेला पाऊस काय असतो ते माहीत आहे ना? कणकुंबीचा रस्ता, चोर्ल्याचा घाट, अनमोडचा घाट. जून ते सप्टेंबर आमचं ॲव्हरेज रस्ता ठरवतो, कंपनी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढ, खड्डा आला की परत पहिला.

सीएनजी घ्या म्हणतात. घेतो की! खरं पंप बेळगावाकडे. गॅस भरायला जाऊन यायचं आणि रांगेत थांबायचं, त्यात वाचलेलं सगळं जातं. शिवाय डिकीत टाकी. माणसं गावाहून बेळगावला निघतात ती तांदळाची पोती, फणस, आजारी माणसाची गादी असं सगळं घेऊन. टाटानं २०२३ ला दोन लहान टाक्या खाली बसवून डिकी मोकळी केली, ती कल्पना मला मनापासून पटली. आधी का सुचली नाही कुणाला?

माहेर निपाणी
खानापूर दादा, अगदी. आमच्या घरी गाडी घ्यायची ठरली तेव्हा सासूबाईंनी ॲव्हरेज विचारलंच नाही. "आदमापूरला सगळे एका गाडीत मावतील का?" हा एक प्रश्न. दीर म्हणाले उंच पाहिजे. मुलगा म्हणाला सनरूफ पाहिजे. ॲव्हरेजबद्दल विचारणारी मी एकटी, कारण महिन्याचा हिशेब मी लिहिते. गाडी घेताना घरातल्या सगळ्यांचं मत असतं आणि पेट्रोल भरताना एकाचंच पाकीट असतं. कंपनीला दोष देण्याआधी हेही बघायला हवं ना?

माझ्यापुरतं मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. गावातल्या गावात शाळा, बाजार, बँक. घरीच चार्जिंग. आणि २०२३ च्या जूनपासून सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, त्यामुळे बेळगावला मी बसनंच जाते. शंभर टक्के ॲव्हरेज :)

गोकाक जुनी गाडी
मी जुन्या गाड्यांचा धंदा करतो, म्हणून माझ्या बाजूनं सांगतो. तुम्ही सगळे नव्या गाडीबद्दल बोलताय. सहा लाखवाला माणूस माझ्याकडे येतो, शोरूममध्ये नाही. आणि माझ्याकडे गाडी कुठली येते? पाच-सात वर्षांमागे कुणीतरी नवी घेतलेली. त्या वेळी पैसेवाल्यानं जे घेतलं तेच आज सामान्य माणसाच्या वाट्याला येतं. २०१७–१८ ला लोकांनी हायब्रिड घेतल्या नाहीत, ४३ टक्के करामुळे असो नाहीतर महाग म्हणून असो, म्हणून आज माझ्या आवारात हायब्रिड नाही. धरणातून पाणीच सोडलं नाही तर कालव्याच्या शेपटाला कुठून पोचणार? २०२२ नंतरच्या गाड्या २०२९–३० च्या सुमारास माझ्याकडे दिसायला लागतील, तेव्हा संकेश्वरकरांचं बजेट आणि ती गाडी समोरासमोर येतील.

दुसरी अडचण भीतीची. गिऱ्हाईक विचारतं, "बॅटरी गेली तर?" आमच्या गावातला मिस्त्री हायब्रिडचं बॉनेट उघडत नाही. हाय व्होल्टेज आहे, शिकल्याशिवाय हात लावूही नये. म्हणजे बेळगाव किंवा कोल्हापूर गाठायचं. कंपनी बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी देते, खरं जुनी गाडी घेणाऱ्याला त्यातली किती शिल्लक राहिली ते बघावं लागतं. या भीतीपोटी भाव पडतो, भाव पडेल म्हणून नवी घेणारा पण मागं सरतो.

संकेश्वरकर
गोकाकवाले, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. मग पुण्याची गाडी? तिथं हायब्रिड, सीएनजी सगळं भरपूर विकतं. पुण्याहून जुनी आणली तर?

आरटीओची कामं
आणता येते, खरं सीमेवर राहणाऱ्याला कागदं नीट माहीत हवीत. एमएचची गाडी कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. आधी तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. कर्ज असेल तर बँकेचं पत्र. मग इथं गाडीच्या वयाप्रमाणे कमी केलेला लाइफटाइम टॅक्स भरायचा, नंबर केए-२२ किंवा केए-२३ पडणार. तिकडे आधीच्या मालकानं भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, त्याला वेगळा अर्ज.

पुण्यात स्वस्त दिसलेली गाडी इथं नावावर होईपर्यंत तेवढी स्वस्त राहत नाही. कागल आणि निपाणीत अंतर ते काय, पण गाडीला दोन वेगळे देश. पावण्यारावळ्यांच्या नावावर एमएच नंबर ठेवून फिरणारे आहेत. तसं करू नका. अपघात झाला तर विम्याच्या वेळी फार त्रास होतो.

कॅम्पातला
इलेक्ट्रिककडे कुणी वळलंच नाही अजून? रेवा आठवते का कुणाला? बेंगळुरूत तयार झालेली, २००१ ची. आपल्या राज्यानं इलेक्ट्रिक गाडी एवढ्या आधी रस्त्यावर आणली, तरी ती घराघरात पोचली नाही.

आता मी टियागो ईव्ही वापरतो. गावात उत्तम. २४ युनिटची बॅटरी, रात्री १५ अँपिअरच्या प्लगला लावली की सकाळी भरलेली. पेट्रोलच्या मानानं खर्च फारच कमी. संकेश्वर–बेळगाव जाऊन-येऊन शंभर किलोमीटर एका चार्जमध्ये बसतात. संकेश्वरकरांनी जुनी ईव्ही बघायला काय हरकत आहे?

खानापूर रानवाट
कॅम्पात स्वतःचा बंगला, स्वतःचा प्लग. वाड्यात भाड्यानं राहणाऱ्यानं वायर कुठून सोडायची? आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल ते झाडाच्या फांद्यांवर अवलंबून.

कॅम्पातला
मान्य. भाड्याच्या घरात अवघड आहे. संकेश्वरकर, घर स्वतःचं आहे का?

संकेश्वरकर
भाड्याचं. गाडी गल्लीत लागते.

उद्यमबाग वर्कशॉप
मग ईव्ही आत्ता नको. आणि हायब्रिडचं आणखी एक सांगायचं राहिलं, संकेश्वरकरांच्या मूळ हिशेबाशी त्याचा संबंध आहे. हायब्रिडची खरी बचत कुठं होते? थांबत-निघत चालताना. ब्रेक मारला की वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत येते आणि गर्दीत इंजिन बंद राहतं. गोवावेस, चन्नम्मा चौक, बेंगळुरूचं ट्रॅफिक, तिथं ती चमकते. संकेश्वर–बेळगाव म्हणजे एनएच-४८. एका वेगानं सरळ पळायचं, ब्रेक कमी. तिथं हायब्रिड आणि हलक्या पेट्रोल गाडीतला फरक बराच कमी होतो.

कागदावरचा आकडा येतो तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी ठेवून, एसी बंद, आणि वेग जास्तीत जास्त ताशी ९०. तुम्ही एसी लावून ११० नं गेलात तर २७.९७ विसरा. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८०–८५ ला स्थिर ठेवा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा. आजच्याच गाडीत फरक दिसेल.

टिळकवाडी दुसरं गेट
८० नं गेलं तर मागून बसवाले हॉर्न मारून मारून जीव घेतात ओ.

गोकाक जुनी गाडी
उद्यमबाग साहेबांनी नेमकं सांगितलं. हायवेला हलकी गाडी हवी. खरं हलकी गाडी लोकांना नको झालीय, हे माझं दुःख आहे. देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत निम्म्याहून जास्त एसयूव्हीसारख्या उंच गाड्या. उंच, जड, समोरून भिंत. हलकी सेलेरिओ कागदावर २६.६८ देते, गिऱ्हाईक बघतसुद्धा नाही. "टपरी आहे" म्हणतं.

चिकोडी ऊसवाला
त्याला कारण आहे. हंगामात रात्री रस्त्यावर या. दोन-दोन ट्रॉल्या उसाच्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्हीकडे लोंबतोय. माझ्याच भागातलं सांगतोय, लाज वाटते. अशा रस्त्यावर बायकापोरांना घेऊन जाणारा माणूस पत्रा जाड बघणारच. कारखान्यांनी आणि आम्ही ट्रॅक्टरवाल्यांनी प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावलाच पाहिजे. तो लागला तर लोक हलक्या गाडीत बसायला घाबरणार नाहीत.

माहेर निपाणी
चिकोडी काका, हे तुम्ही स्वतः बोललात ते फार बरं वाटलं. यमगर्णीजवळ अशीच एक ट्रॉली आमच्या अगदी समोर आली होती.

उद्यमबाग वर्कशॉप
काकांच्या म्हणण्याला जोडून: जड म्हणजे मजबूत असं नाही. २०२४ ची नवी डिझायर हलकीच आहे, ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेला पाच तारे आणि कागदावर २४.७९. रचना चांगली असेल तर दोन्ही जमतं.

सरकारचा कॅफे नियम मात्र वेगळ्या बाजूनं चालतो. कंपनीच्या विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी काढतात, एप्रिल २०२२ पासून मर्यादा किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास. आणि ती मर्यादा वजनावर, जड गाड्या बनवणाऱ्या कंपनीला जास्त सूट. त्यात इलेक्ट्रिक गाडी एकापेक्षा जास्त वेळा मोजली जाते. थोड्या महागड्या ईव्ही विकल्या की सरासरी बसते, मग स्वस्त गाडीचं ॲव्हरेज वाढवायची कंपनीला घाई राहत नाही. पुढचा टप्पा २०२७ चा. त्यात छोट्या हलक्या गाड्यांना सवलत द्यायची का यावर कंपन्यांचंच आपसात एकमत नाही. मला विचाराल तर द्यावी, खरं अट घालून: ॲव्हरेज दरवर्षी वाढलं पाहिजे.

संकेश्वरकर
सगळ्यांचं वाचून माझा हिशेब असा मांडला. हायब्रिड आणि साध्या गाडीत तीन लाखांचा फरक धरला आणि हायवेला मला लिटरमागे चार-पाच किलोमीटरच जास्त मिळणार असतील, तर ते पैसे दहा वर्षांत पण निघत नाहीत. त्यावर व्याज, त्यावर १७ टक्के टॅक्स. तेव्हा ती गाडी माझ्यासाठी नाही. १६ वरून २२–२३ ला जाणं मात्र माझ्या आवाक्यात आहे, तेवढ्यानंही वर्षाला चाळीस हजारांच्या वर वाचतात. पण माझा प्रश्न तिथं संपत नाही. बेळगावात दिवसभर गल्लीबोळात फिरणारा टॅक्सीवाला आहे, डिलिव्हरीवाला आहे. हायब्रिडचा खरा फायदा त्यांना, आणि ते तर माझ्याहून लांब आहेत त्या गाडीपासून. कर किमतीवर न लावता गाडी किती इंधन पिते त्यावर लावा, एवढी एक मागणी आपल्या भागातून गेली पाहिजे. कन्नड–मराठी दोघांचं पेट्रोल सारखंच जळतं.

आरटीओची कामं
मागणी लिहून द्या, मी कन्नडमध्ये करून देतो. बेळगावच्या अधिवेशनात सुवर्णसौधला सगळे आमदार येतात, तेव्हाच द्यायची.

गोकाक जुनी गाडी
आणि गाडीचं सांगतो. हलकी पेट्रोल, २०२३ एप्रिलनंतरची म्हणजे ई-२० चा घोर नाही, एकच मालक, केए-२३ नंबर. अशी एक संकेश्वरातच येणार आहे माझ्या ओळखीत. सर्व्हिसचा इतिहास मागवलाय. व्यनि (खाजगी निरोप) करतो, रविवारी तुमच्या मिस्त्रीला घेऊन या. थंड इंजिन असताना चालू करून बघा, आणि हत्तरगी टोलपर्यंत चालवल्याशिवाय पैशाचं बोलू नका.